वजन किती

एप्रिलात, दुपारी, पूर्व भागातली लाईट गेली
आणि चारही माग एकदम गप्प झाले
तेव्हा आम्ही सिस्सूला फोन लावला.
अंगरूप नावाचा पोरगा आहे तिकडं.
फेब्रुवारीत माणसं नेतो डोंगरात,
पायाला रुंद जाळीचे बूट बांधून बर्फावरनं चालवतो.
पाच दिवस, माणशी साडेअठरा हजार, जेवण धरून.
नागमणी शेजारून म्हणाली, विचार की, भाकरी असते का.
मी नाही विचारलं.

त्यानंच विचारलं, वजन किती.
बूट म्हणे वजनावरनं ठरतो, मापावरनं नाही.
मग गोदामात सुताच्या काट्यावर चढलो, आधी मी,
एकसष्ट.
ती चढली, उतरली, चपला काढून परत चढली,
आकडा हलला नाही.
लिहून घे, म्हणाली, आणि बॅगेचे सहा वेगळे लिही,
माझ्यात नको घालू.

त्यानं फोटो पाठवला.
आता प्लास्टिकचे मिळतात, पण हा जुना,
कोण्या परदेशी पाहुण्यानं दिलेला, त्याच्या भिंतीवर टांगलेला.
लाकूड वाकवून केलेली चौकट, आत कातड्याच्या वाद्या.
मी चष्मा पुसून बघितलं.
ताणा आहे. बाणा आहे.
टाचेपाशी एक वादी चुकून वरनं गेलीय.
चौतीस वर्षं मी भोकं बुजवत आलो,
व्यापारी चादर उजेडासमोर धरायचा,
एवढासा उजेड आरपार आला की बिलातनं पैसे कापायचा.
आणि इथं बघा,
निम्मी भोकंच आहेत, आणि त्यांच्यावर
अख्खा माणूस उभा राहतो म्हणे, बॅगेसकट.

बर्फ आम्ही बघितलाय तो लग्नातल्या सरबतात
आणि मासळीच्या टोपलीत.
पण बुडणं माहीत आहे.
लहानपणी गिरणीमागच्या रद्दी सुताच्या ढिगात उडी मारली की
मांडीपर्यंत आत जायचो, एक चप्पल तिथंच राहायची.
म्हणून शेडच्या कोपऱ्यात रद्दी सूत पसरलं,
ज्वारीच्या दोन चाळण्या मागून आणल्या,
सुतळीनं पायाला बांधल्या.
राजमल्लू वंगारी दारात येऊन थांबला.
काय चाललंय बे?
हिमालयात.
चाळण्या घालून?
मी फेंगडा पाय टाकत दुसऱ्या टोकापर्यंत गेलो.
घाम डोळ्यात. पण बुडलो नाही.
एक चाळणी फुटली, ती राजमल्लूचीच होती.

रात्री नागमणीनं हिशेब मांडला, तिच्या पद्धतीनं.
हजार विड्यांना दोनशे धर.
दोघांचे सदतीस हजार.
म्हणजे एकशे पंच्याऐंशी दिवस, सूप मांडीवर, खाडे न धरता.
मी म्हटलं, राहू दे मग.
ती बोटांची टोकं एकमेकांवर घासत बसली,
पानं कातरून गुळगुळीत झालेली.
त्यात काय, म्हणाली,
याच्याहून जास्त दिवस असेच गेले की.
आगाऊ रक्कम भर सकाळी.

अंगरूप हिंदीत म्हणतो, साहब, सब तरफ बर्फ की चादर.
मी विचारलं, किती बाय किती?
तो हसला. मी नव्हतो हसलो.
एक आपली घेऊन जाणार आहे, मोराची, साठ बाय नव्वद.
तिथं जाड रजया आहेत म्हणतो. असू देत.
गरजेला म्हणून नाही नेत.

काल, गड्ड्याचे पाळणे उभे राहत होते तेव्हा,
त्याचा फोन आला. पडायला लागलाय, म्हणाला, ऐका,
आणि फोन खिडकीबाहेर धरला.
मी माग बंद केले, चारही.
उजव्या कानाला लावला. काही नाही.
डावा कान मागांनी कधीच नेलाय,
तरी त्यालाही लावून बघितला.

तेवढंच आलं.

नागमणी म्हणाली, मला दे.